नकली निघालेली पाटी पुढे विकू का?

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

जुन्या अमेरिकन शीतपेयांच्या जाहिरात-पाट्या जमवण्याचा मला नाद आहे. आतापर्यंत पत्र्याच्या लहान पाट्या, थर्मामीटर, दुकानाच्या दारावरच्या पट्ट्या असं किडुकमिडुक घेत आलो. यंदा मात्र साठवलेल्या पैशांतला मोठा हिस्सा घालून ऑनलाइन लिलावात कोका-कोलाची एनॅमलची मोठी गोल पाटी घेतली. लालभडक रंग, मधोमध बाटली, खालच्या कडेला ठळक '१९१५'. 'अस्सल, शंभर वर्षांपूर्वीची' असं विक्रेत्याने लिहिलं होतं. ती घरी आल्यावर एका जुन्या संग्राहकाने हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि 'नक्कल आहे' एवढंच म्हणून खाली ठेवली. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. बायकोला किंमत सांगितलेली नाही. पाटी खरंच नकली आहे का, हे मी स्वतः कसं ओळखायचं? असेल, तर या छंदात नव्याने आलेल्या कुणाला तरी काही न बोलता विकून टाकू का? मला तरी कुणी सांगितलं होतं? शिवाय माझ्याकडे डॉक्टर पेपर आणि पेप्सीच्या पत्र्याच्या दोन गंजलेल्या पाट्या आहेत. त्या घासून-रंगवून घेतल्या तर निदान थोडं नुकसान भरून निघेल का?

– एक फसलेला संग्राहक

उत्तर

नमस्कार.

पैसे गेले याचं दुःख आहेच, पण आपल्याला कळलं कसं नाही, ही टोचणी तुमच्या पत्रात जास्त जाणवते. तिच्यावर उपाय आहे आणि तो पुढे सांगते. आधी तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न घेते.

नाही, ती पाटी न बोलता पुढे विकू नका. 'मला तरी कुणी सांगितलं होतं?' या एका वाक्यावर नकली पाट्यांचा सगळा बाजार उभा आहे. पाटी बनवणाऱ्याला ती नवी आहे हे ठाऊक असतं. पहिल्या विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक असतं. त्यानंतर मात्र ती हातोहात फिरते, दर हाताला तिचं वय वाढत जातं, आणि तिला 'बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर सापडली' अशी एखादी कहाणी चिकटते. तुमच्या हातात आली तेव्हा तुम्हाला खरं माहीत नव्हतं. आता माहीत आहे. माहीत असूनही अस्सल म्हणून विकणं, किंवा समोरचा अस्सल समजतोय हे दिसत असताना गप्प बसणं, ही फसवणूकच आहे. शिवाय नवखा माणूस एकदा असा पोळला की बहुतेक वेळा छंदच सोडून देतो. तुम्हीही आत्ता त्याच काठावर उभे आहात, म्हणून हे तुम्हाला वेगळं पटवून द्यावं लागू नये.

नक्कल म्हणून, नकलेच्या किमतीला विकायची असेल तर खुशाल विका. पण ती परत जाण्याची शक्यता अजून आहे, त्यामुळे तिला हात लावण्याआधी शेवटपर्यंत वाचा.

आता पाटी पाहू. तुमच्या वर्णनातच एक गोष्ट डोळ्यांत भरते, ती म्हणजे ते साल. कोका-कोलाची ती कमनीय बाटली इंडियाना राज्यातल्या टेरे होट इथल्या रूट ग्लास कंपनीने घडवली. तिचं पेटंट १६ नोव्हेंबर १९१५ चं. ही तारीख पुढे बाटलीच्या काचेतच उमटवलेली असायची. नंतरच्या पेटंटची तारीख २५ डिसेंबर १९२३, म्हणून त्या बाटलीला संग्राहक 'ख्रिसमस बॉटल' म्हणतात. जुन्या अस्सल पाट्यांवर बाटलीचं चित्र असेल तर त्या चित्रातल्या बाटलीवर बारीक अक्षरांत पेटंटची तारीख दिसू शकते. पण पाटीच्या कडेला, लांबून वाचता येईल असं नुसतं '१९१५' कुणी कशाला लिहील? दुकानदाराला त्या वर्षी बाटल्या खपवायच्या होत्या, आपली पाटी किती सालची आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं नव्हतं. असं ठळक साल आजच्या खरेदीदारासाठी असतं.

आकारही साक्ष देतो. कोका-कोलाच्या लाल, गोल, किंचित फुगीर पाट्यांना संग्राहक 'बटन' म्हणतात. त्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि मुख्यतः पन्नाशीच्या दशकातल्या. म्हणजे १९१५ हे साल आणि हा आकार एका पाटीवर येणं शक्यच नव्हतं. मूळ पाटीची हुबेहूब कॉपी ही एक गोष्ट झाली. कंपनीने कधी काढलीच नव्हती अशी पाटी कल्पनेने बनवणं ही दुसरी. संग्राहकांत तिला 'फँटसी' म्हणतात, आणि तुमची पाटी मला या दुसऱ्या जातीची वाटते. छायाचित्र न बघता मी शंभर टक्के खात्री देणार नाही. पण तुमच्या त्या जुन्या संग्राहकाने पाटी उलटी का केली, ते आता सांगते, म्हणजे निवाडा तुम्हालाच करता येईल.

एनॅमलची पाटी हे रंगकाम नसतं. ती लोखंडावर वितळवलेली काच असते. आधी पत्रा कापायचा, भोकं पाडायची, कड वळवायची असेल तर वळवायची. मग तो स्वच्छ करून त्यावर काचेच्या बारीक पुडीचा पहिला थर द्यायचा आणि सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजायचा. हा अस्तराचा थर लोखंडाला घट्ट धरून ठेवतो आणि बहुतेक वेळा गडद निळा किंवा काळपट असतो. त्यावर एकेक रंग स्टेन्सिलने द्यायचा आणि दर रंगाला पुन्हा भट्टी. लाल, पांढरा, हिरवा, पिवळा असे चार रंग असतील तर तितक्या वेळा पाटी आत-बाहेर व्हायची. म्हणून जुन्या पाटीवर डोळे मिटून बोट फिरवलं की अक्षराची कड लागते. पांढरा संपून लाल सुरू होतो तिथे बोट हलकेच एक पायरी चढतं. तुमच्या पाटीवर हे करून बघा. अक्षरांवरून बोट सरळ घसरत गेलं, तर छपाईचा संशय घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो भोकांना. त्या संग्राहकानेही माझ्या मते तिथेच पाहिलं असणार. भोकं पत्र्याला आधी पडतात, काच नंतर चढते, त्यामुळे जुन्या पाटीत काचेचा थर भोकाच्या काठावरून आत वळलेला असतो. स्क्रूचा दाब काचेवर येऊ नये म्हणून तिथे पितळेची रिंग बसवत. बऱ्याच पाट्यांत ती आज नसते, पण पत्र्यावर तिची गोल खूण राहते. लावणाऱ्याने स्क्रू जरा जास्त आवळला की भोकाभोवतीचा टवका उडायचा. म्हणून खऱ्या पाटीचे पहिले टवके भोकांपाशी असतात. त्यानंतर खालच्या कडेला, जिथे पावसाचं पाणी साचून राहायचं. आणि कोपऱ्यांना, जिथे पाटी काढता-लावताना आपटायची. रस्त्याकडेच्या पाट्यांवर छर्‍यांच्या बंदुकीचे गोल, तारेसारखे फुटलेले डागही सापडतात, कारण पोरांना नेम धरायला ती आयती जागा होती.

प्रत्येक टवक्याला विचारा, तू इथे का? टवक्याला कारण असतं. मोकळ्या लाल भागात, जिथे कशाचाच धक्का लागायचा नाही, तिथे सारख्या आकाराचे तीन-चार टवके असतील, दोन्ही बाजूंना जोडीजोडीने असतील, तर ते हातोडीने पाडलेले आहेत. टवक्याच्या आतला गंज बघा. अनेक वर्षांचा गंज गडद तपकिरी, काळ्याकडे झुकणारा, घट्ट आणि काहीसा गुळगुळीत असतो. तो काचेच्या कडेखाली शिरलेला असतो. आम्ल किंवा मिठाचं पाणी लावून आणलेला गंज केशरी, भुसभुशीत असतो आणि कापडाला लागतो. टवक्याची कड भिंगातून पाहा. वर रंग, त्याखाली गडद अस्तर, त्याखाली लोखंड असे थर दिसले तर ठीक. लाल रंगाखाली थेट चकचकीत धातू दिसला, तर ते एनॅमल नाही, साधा रंग आहे.

लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ती ॲल्युमिनियमची आहे आणि प्रश्न तिथेच मिटला. चिकटला म्हणून मात्र अस्सल ठरत नाही, कारण चांगले नकलाकार लोखंडावर, खऱ्या भट्टीत एनॅमल करतात. अशा पाट्या १९८० च्या दशकापासून उघडपणे, सजावटीच्या वस्तू म्हणूनही विकल्या गेल्या. त्या मूळ विकणाऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं. नंतर कुणीतरी मागचा शिक्का खरवडून काढला, आणि त्या 'जुन्या' झाल्या. म्हणून पाठ नीट पाहा. एखादा चौकोनी तुकडा घासून काढलेला दिसला, तर तिथे काय होतं हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही.

छापील पत्र्याच्या आणि पुठ्ठ्याच्या पाट्यांना दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. स्कॅन करून छापलेल्या नकलेत चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. अक्षरांच्या कडाही त्या ठिपक्यांनीच बनलेल्या असतात. जुन्या लिथोग्राफीत, म्हणजे दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र काढून केलेल्या छपाईत, रंग सलग असतो, किंवा ठिपके असले तरी वेडेवाकडे, हाताने दिलेले. फक्त एवढं लक्षात ठेवा की नंतरच्या काळातल्या अस्सल छपाईतही जाळी सापडते, त्यामुळे ही कसोटी फार जुना म्हणून विकल्या जाणाऱ्या मालालाच लावायची. पुठ्ठ्यासाठी अतिनील दिवाही उपयोगी पडतो. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारी रसायनं त्यात घालण्याची पद्धत साधारण १९५० पासून रुळली. 'तिशीच्या दशकातला' पुठ्ठा त्या दिव्याखाली निळसर पांढरा उजळून निघाला, तर तो त्या दशकातला नाही. धातूच्या पाटीवर मागाहून लावलेला रंगही याच दिव्यात बहुतेकदा वेगळा उठून दिसतो.

या झाल्या हाताने करायच्या परीक्षा. मला स्वतःला जास्त आवडते ती वाचून करायची परीक्षा, कारण ती लिलावातल्या छायाचित्रावरही करता येते. पाटी नुसती पाहू नका, वाचा. अगदी तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांपर्यंत वाचा.

वर्तुळातलं 'आर' हे नोंदणीचं चिन्ह अमेरिकेत १९४६ च्या ट्रेडमार्क कायद्याने आलं. विसाच्या दशकातली म्हणून विकल्या जाणाऱ्या पाटीवर ते असेल तर पान उलटा. कोका-कोलाच्या जुन्या पाट्यांत 'ट्रेडमार्क रजिस्टर्ड' हे शब्द पहिल्या 'सी'च्या लांब शेपटीत लिहिलेले असत. चाळिशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून नोंदणीचा मजकूर नावाच्या खाली गेला. 'कोक' हे लाडकं नाव कंपनीने १९४१ मध्ये जाहिरातीत वापरायला घेतलं आणि १९४५ मध्ये त्याची नोंदणी केली, तेव्हा १९२० च्या पाटीवर 'कोक' असण्याचं कारणच नाही. माशाच्या शेपटीसारखी दोन टोकं असलेली लाल चौकट १९५८ पासूनची. अक्षरांखालची पांढरी लाट १९६९ ची. बाटलीच्या बुचाची टोपी घातलेला गोबरा मुलगा, ज्याला 'स्प्राइट बॉय' म्हणतात, तो १९४२ मध्ये कोका-कोलाच्या जाहिरातींत आला. स्प्राइट हे पेय अमेरिकेत आलं १९६१ मध्ये. त्याला स्प्राइटची जाहिरात म्हणून विकणाऱ्याला एक तर माहिती नाही, किंवा तुम्हाला नसेल असं तो धरून चालला आहे.

हीच नजर तुमच्या त्या दोन गंजलेल्या पाट्यांवर फिरवा, माझी खात्री आहे की मजा येईल. पेप्सीच्या जुन्या नावात दोन शब्दांच्या मध्ये एकाखाली एक अशा दोन रेघा किंवा टिंबं असत. पन्नाशीच्या सुरुवातीला तिथे एकच उरलं. १९६२ मध्ये वळणदार अक्षरं जाऊन ठोकळ्यासारखी अक्षरं आली. 'एका निकेलमध्ये (पाच सेंटच्या नाण्यात) दुप्पट' असा मजकूर असेल तर त्यामागे एक धोरण आहे. मंदीच्या काळात, १९३४ मध्ये, पेप्सीने बारा औंसांची बाटली पाच सेंटला विकायला काढली, जेव्हा कोका-कोलाच्या पाच सेंटच्या बाटलीत साडेसहा औंस असायचे. डॉक्टर पेपरच्या पाटीवर 'डीआर'नंतरचं टिंब शोधा. पन्नाशीच्या दशकात कंपनीने ते काढून टाकलं, त्यामुळे टिंब असलेली पाटी त्याआधीची असण्याचा संभव मोठा. आणि १०, २, ४ हे आकडे असतील, तर ते दिवसातल्या तीन वेळा आहेत. त्या वेळांना माणसाला मरगळ येते, तेव्हा आमचं पेय प्या, असा तो १९२० च्या दशकातला प्रचार.

तळाच्या कडेला बनवणाऱ्याचं नाव असू शकतं. कॉशॉक्टन, ओहायोमधली अमेरिकन आर्ट वर्क्स. कव्हिंग्टन, केंटकीची डोनाल्डसन आर्ट साइन कंपनी. सेंट लुइसची स्टाउट. नॅशव्हिलची टेनेसी एनॅमल. लिंचबर्ग, व्हर्जिनियाच्या 'ए-एम' पाट्यांवर तर '५-५२' असा महिना आणि वर्षही सापडतं, म्हणजे मे १९५२. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर पाटी १९६३ नंतरची, कारण अमेरिकेत ते कोड त्या वर्षी सुरू झाले. ही नावं नकलाकारही छापतात, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. पण नाव, वर्ष, बोधचिन्ह आणि पाटीची घडण ही चारही एकमेकांशी जुळतात का, हे पाहिलंत तर फारच थोड्या नकला तुमच्या हातून निसटतील.

आता त्या दोन पाट्या रंगवण्याबद्दल. कृपा करून रंगवू नका. घासूही नका. पत्र्यावरची छपाई म्हणजे शाईचा अतिशय पातळ थर आणि त्यावर वार्निश. सँडपेपर, तारेचा ब्रश, भांडी घासायची पावडर, यातलं काहीही लागलं की गंजाबरोबर अक्षरंही जातात आणि ती पुन्हा आणता येत नाहीत. जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते, त्यामुळे घासल्याने उडणारी धूळ घरात, विशेषतः लहान मुलांच्या आसपास, मुळीच नको. संग्राहक पाटीची अवस्था एक ते दहा अशा गुणांत मोजतात. सहा गुणांची खरीखुरी पाटी रंगवून नवी दिसायला लागली म्हणजे तिला नऊ गुण मिळतात असं नाही. ती 'रंगवलेली' होते, आणि बहुतेक जाणकार तिच्यापासून दूर राहतात. रंगवल्याचं लपवून विकली तर आपण पुन्हा तुमच्या पहिल्या प्रश्नापाशी येतो.

करायचंच असेल तर इतकंच करा. मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, कापसाच्या बोळ्याने एका कोपऱ्यात, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी करून बघा. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला तर लहान लहान भाग पुसत जा आणि लगेच कोरडं करा. शेवटी संग्रहालयांत वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावा, म्हणजे हवेतली ओल पत्र्यापर्यंत पोचणार नाही. एनॅमलला साबण-पाणी बिनधास्त चालतं, पण गंज काढायची आम्लं नकोत, ती काचेची चकाकी खातात. एनॅमल उन्हातही फारसं विटत नाही. छापील पत्रा आणि पुठ्ठा मात्र विटतो, आणि बहुतेक वेळा लाल रंग आधी. टांगताना स्क्रूखाली रबराचा वॉशर घाला आणि आवळण्याचा मोह टाळा. भोकांपाशी टवके कसे उडतात ते आता तुम्हाला माहीत आहे.

एक सुचवते, मनावर घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काही काळ कोका-कोलापासून दूर राहा. जिथे पैसा जास्त तिथे नकलाही जास्त. मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल गावात औषध म्हणून सुरू झालेलं मॉक्सी, फिलाडेल्फियात १८७६ च्या प्रदर्शनात लोकांपुढे आलेली हायर्स रूट बिअर, जॉर्जियातल्या कोलंबसचं नेही, आर्कान्सामधलं ग्रेपेट, या शीतपेयांच्या पाट्या देखण्या आहेत. त्यांच्यामागच्या कथा रंगतदार आहेत आणि तिथे नकलाकारांची वर्दळ तुलनेने कमी आहे. सेव्हन अपच्या लेमन-लाइम पेयात १९४८ पर्यंत खरोखर लिथियम असायचं आणि त्याच्या जाहिराती ते अभिमानाने सांगायच्या. असं काही पाटीवर वाचलं की एक अख्खा काळ समजतो. मला या छंदाचं मोल तिथे वाटतं. दुकानदाराला फुकट मिळालेला हा लोखंडाचा तुकडा होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने भंगार लोखंड गोळा केलं तेव्हा अशा कितीतरी पाट्या वितळून गेल्या, आणि त्या काळात धातू मिळेना म्हणून नव्या पाट्या लाकडाच्या आणि मेसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांच्या, बनल्या. काही पाट्यांनी गोठ्याच्या छपराचं ठिगळ म्हणून दिवस काढले. जी आपल्यापर्यंत पोचली ती या सगळ्यातून वाचून आली आहे. तिची नीट ओळख करून घेणं हे तिचं देणं आहे, असं मला मनापासून वाटतं.

गुंतवणूक म्हणून मात्र यात पैसा घालू नका. भाव चढतात तसे उतरतातही. ज्यांनी लहानपणी ती पाटी दुकानावर पाहिली, ती पिढी सरली की मागणी दुसऱ्याच वस्तूकडे वळते. केंटकीतल्या एलिझाबेथटाउनच्या श्मिट कुटुंबाने, ते स्वतः कोका-कोलाचे बॉटलर, म्हणजे पेय बाटल्यांत भरून विकणारे, उभारलेला प्रचंड संग्रहसुद्धा २०११ पासून लिलावात विकला गेला. वस्तू शेवटी पुढच्या हातात जातातच. म्हणून वहीत प्रत्येक पाटीची नोंद ठेवा. कुठून घेतली, काय सांगून विकली गेली, स्वतः काय पाहिलं आणि कुठे शंका राहिली, हे सगळं त्यात लिहा. त्या नकली पाटीचंही पान त्या वहीत असू द्या.

बायकोला सांगा. यावर मी लांबण लावणार नाही. रक्कम ऐकून त्या चिडतील, आणि चिडायचा त्यांना हक्क आहे, कारण ते पैसे दोघांच्या घरातून गेले. पण रक्कम दुसऱ्या कुणाकडून कळली, तर प्रश्न पाटीचा राहणार नाही. सांगताना 'परत मिळतील' असं आश्वासन देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. पुढची मोठी खरेदी दोघांनी ठरवून होईल एवढं म्हणा, आणि तसं वागा.

आता परतीचं. पाटी धुऊ नका, पुसू नका, तिच्यावर काही कोरू नका. आली तशी राहू द्या. समोरून, मागून, कडेने, प्रत्येक भोकाचे आणि प्रत्येक टवक्याचे फोटो काढा, उजेड तिरका पाडून, म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा दिसेल. लिलावाच्या पानाचे, विक्रेत्याच्या 'अस्सल' या शब्दासकट, स्क्रीनशॉट आजच घ्या, कारण ती पानं बदलतात. कोका-कोला कलेक्टर्स क्लब १९७४ पासून चालू आहे. तिथल्या किंवा अशाच दुसऱ्या जाणकारांना हे फोटो दाखवून लेखी मत मागा. मग विक्रेत्याला लिहा. भाषा शांत ठेवा, चोर-लबाड म्हणू नका, कारण तोही फसलेला असू शकतो. आकार आणि साल जुळत नाही, भोकांची स्थिती अशी आहे, टवक्यांत अस्तर दिसत नाही, असे जे मुद्दे तुमच्या तपासणीत खरे ठरतील तेवढेच मांडा आणि वर्णनाप्रमाणे माल नाही म्हणून पूर्ण रक्कम मागा. त्याने नकार दिला तर लिलावाच्या व्यवस्थेकडे आणि पैसे ज्या मार्गाने भरले तिथे तक्रार करा. या दोन्ही ठिकाणी मुदत असते, ती आधी तपासा.

यातून काहीच निष्पन्न झालं नाही, तर पाटीच्या पाठीवर पुसता येणार नाही असं 'नक्कल' कोरा आणि ती ठेवून घ्या. पुढची खरी एनॅमलची पाटी हातात येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवा, आणि आधी दोन्हींची भोकं पाहा.